मिरगाच्या किड्यापासून सुरुवात: प्राणिविश्वाच्या नव्या वाचकासाठी प्रस्तावना

मृग नक्षत्र लागले, पहिला दमदार पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीच्या शिवारात एक पाहुणा उगवतो. कयाधूच्या काठच्या काळ्या रानात, गायरानाच्या मुरमाड कडेला, नुकत्या फुटलेल्या गवताच्या कोंबांखाली लालभडक ठिपके संथपणे चालताना दिसतात. आमच्याकडे त्याला मिरगाचा किडा म्हणतात. उचलून तळहातावर घेतला की तो पाय पोटाशी ओढून गप्प पडून राहतो. हात स्थिर ठेवला तर थोड्या वेळाने एकेक पाय बाहेर काढतो आणि बोटांच्या दिशेने चालू लागतो. अंगावर आखूड केसांची इतकी दाट लव असते की मखमलीचा तुकडा कापून त्याला पाय लावलेत असे वाटावे. आता ते पाय मोजा. आठ भरतात. कीटकांना सहा पाय असतात, म्हणजे नावात किडा असला तरी हा कीटक नव्हे. कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतातला हा जीव.

त्याचे उरलेले वर्ष आपल्याला दिसत नाही. तो ते जमिनीखाली काढतो. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला सहाच पाय असतात आणि ते नाकतोड्यासारख्या कीटकाच्या अंगाला चिकटून वाढते. मोठा झाला की तो मातीतले बारीक जीव आणि कीटकांची अंडी खातो. पहिल्या पावसानंतरचे थोडे तास, फार तर थोडे दिवस, तो उजेडात येतो. पोट भरायचे आणि जोडीदार शोधायचा, एवढ्यासाठी. भर दिवसा, उघड्या मातीवर, इतका लालभडक रंग घेऊन तो बिनधास्त फिरतो, कारण त्याची चव वाईट आहे. एकदा चोच लावलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. तो रंग म्हणजे दुरूनच दिलेली ताकीद आहे.

प्राणिविश्वाच्या अभ्यासात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी प्रस्तावना लिहायची, तर ती मला या किड्यापासूनच लिहावीशी वाटते. आधी त्याच्या रूपाने आपण थबकतो. मग पाय मोजतो. मग हा एवढा लाल का, असे विचारतो. या तीन पायऱ्या वेगळ्या नाहीत. रूप पाहणे आणि कारण शोधणे ही एकच कृती आहे, असे मी इतक्या वर्षांच्या निरीक्षणानंतर मानू लागलो आहे. कारण कळल्यावर रूप कमी होते, चमत्कार संपतो, ही भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. लाल रंगाचा अर्थ कळल्यावर तो किडा मला जास्त देखणा दिसू लागला.

विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. आपल्याकडे पाहण्यासारखे आहे काय? दूरदर्शनवर आफ्रिकेचे गवताळ प्रदेश दिसतात, सिंह दिसतात, लाखोंच्या संख्येने नदी ओलांडणारी जनावरे दिसतात. त्यापुढे 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला, हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव अशा पाच तालुक्यांचा, कापूस-सोयाबीन-हळदीचा हा जिल्हा मुलांना फिका वाटतो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी त्यांना एका वाघाची हकीकत सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी 2019 मध्ये पट्टा बांधण्यात आला. कागदोपत्री त्याचे नाव सी-1. पुढे लोक त्याला वॉकर म्हणू लागले. पट्ट्यातले यंत्र उपग्रहामार्फत ठरावीक वेळाने त्याचा ठावठिकाणा कळवत राहायचे. त्या वर्षी जूनच्या सुमारास हा वाघ टिपेश्वर सोडून निघाला. आईच्या मुलखात तरुण नराला जागा नसते. स्वतःचे रान, पुरेशी शिकार आणि जोडीदारीण शोधत त्याला बाहेर पडावेच लागते. तो तेलंगणात शिरला, परत फिरला, पैनगंगेच्या खोऱ्यातून पुढे सरकला, आपल्या हिंगोली जिल्ह्यातून गेला आणि डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची तेराशे किलोमीटरहून अधिक चाल झाली होती. तिथे पोहोचल्यावरही तो हिंडत राहिला आणि एप्रिल 2020 मध्ये पट्टा काढला जाईपर्यंत नोंदलेली एकूण चाल सुमारे 3000 किलोमीटर भरली. भारतात वाघाची इतकी लांब चाल त्याआधी कधी नोंदली गेली नव्हती.

या हकीकतीत आकड्याहून मोठी गोष्ट मला वाटेची वाटते. ही वाट जंगलातून फार थोडी गेली. ती गेली ओढ्यानाल्यांतून, तुरीच्या आणि कपाशीच्या रानांतून, डांबरी रस्ते ओलांडून, गावांच्या अगदी कुशीतून. तो बहुतेक चालायचा रात्री, दिवसा झुडपात पडून राहायचा. एवढ्या प्रवासात माणसाशी त्याची गाठ पडली ती एकदाच. विसावलेल्या वाघाच्या झुडपात काही जण शिरले आणि त्यांतला एक किरकोळ जखमी झाला. बाकीचे सगळे अंतर त्याने आपल्याला चुकवून कापले. आपण ज्याला नुसते शिवार म्हणतो त्याला तो वाघ रस्ता समजला. त्या वर्षी जागलीला शेतात झोपलेल्या कितीतरी माणसांच्या उशापासून थोड्या अंतरावरून तो गेला असेल आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नसेल. ही हकीकत सांगून झाली की मुले पाहण्यासारखे काय आहे हे विचारत नाहीत. तो कोणत्या गावावरून गेला, हे विचारतात.

मराठी मनाला प्राण्यांचे कौतुक नवे नाही आणि ते परक्या मुलखातून आलेलेही नाही. या जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. इसवी सन 1270 चा त्यांचा जन्म. त्यांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. एकनाथांनी काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. महानुभावांच्या लीळाचरित्रात शिकाऱ्यांना भिऊन आलेल्या सशाला चक्रधरांनी आसरा दिल्याची लीळा आहे. या कथा एकत्र ठेवून पाहा. कुत्रा, रेडा, गाढव, ससा. सिंह नाही, गरुड नाही, राजहंस नाही. गोदावरीच्या या खोऱ्याने कौतुकासाठी निवडले ते उकिरड्यावरचे, चिखलातले, ओझ्याखालचे आणि जीव मुठीत घेऊन पळणारे प्राणी. जगातल्या प्राणिकथांत ही निवड मला फार वेगळी वाटते. आपल्या परंपरेतली ही गोष्ट अभ्यासकाने अभिमानाने सोबत न्यावी.

कारण विज्ञानही पुढे याच प्राण्यांपाशी येऊन थांबते. एकनाथांच्या कथेतल्या गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतले रानगाढव. पूर्व आफ्रिकेत सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला माणसाळवले, असे त्याच्या जनुकांचा अभ्यास सांगतो. रेड्याची कूळकथा तर आपल्याच भूमीतली. नदीकाठची म्हैस भारतीय उपखंडात माणसाळली. चीन आणि आग्नेय आशियात भाताच्या चिखलात राबणारी म्हैस वेगळी. दोघी दिसायला बहिणी, पण आपल्या म्हशीच्या पेशीत 50 गुणसूत्रे आणि तिकडच्या म्हशीच्या पेशीत 48. आपल्याकडची हीच नदीकाठची म्हैस पश्चिमेकडे जात जात इटलीपर्यंत पोहोचली. दक्षिण इटलीचे प्रसिद्ध मोझरेला चीज तिच्याच दुधाचे. आपल्या भागातल्या मराठवाडी म्हशीची शिंगे मानेला धरून मागे जातात आणि खांद्यापाशी थांबतात. पंढरपुरीची शिंगे खांदा ओलांडून कितीतरी मागे जातात. बाजारात उभा असलेला जाणता माणूस एका नजरेत हा फरक सांगतो. हे ज्ञान पदवीचे नाही, पण आहे ते निखळ प्राणिशास्त्र.

बैलांच्या बाबतीत आपली नजर याहून बारीक आहे. कंधार भागातला लाल कंधारी आपल्या शिवारातही नांगराला दिसतो. गडद तांबडा रंग, मध्यम बांधा, लोंबते कान. लातूरकडच्या देवणी जातीत रंगावरून तीन प्रकार ओळखतात: सगळा पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगावर तोंड काळे तो वानेरा, आणि अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा. वानेरा हा शब्द किती नेमका आहे, ते काळ्या तोंडाचा वानर ज्याने पाहिलाय त्याला लगेच कळेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. त्या वेळी शेतकऱ्याचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरताना मी पाहिला आहे. कुठे घट्टा पडलाय, कुठे कातडी सोलवटलीय, हे तो बोटांनी वाचत असतो. या अभ्यासासाठी लागणारी बारकाई आपल्याकडे आधीपासून आहे. ती फक्त गोठ्याबाहेर न्यायची आहे.

गोठ्याबाहेर गेलो की पहिली अडचण नावांची येते. आपल्या रानात फिरणारा रोही घ्या. हिंदीत त्याला नीलगाय म्हणतात, म्हणून कित्येकांना तो गाईचा नातलग वाटतो. नर करडा-निळसर, मादी आणि पिल्ले तांबूस. युरोपातल्या शास्त्रज्ञांपुढे हा प्राणी आला तेव्हा त्याचे काय करावे हे त्यांनाही सुचेना. बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस हे त्याचे शास्त्रीय नाव फोडून पाहिले तर त्यात बैल आहे, हरिण आहे, बोकड आहे आणि उंटही आहे. खरे तर तो आशियातला सर्वांत मोठा कुरंग आणि त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग म्हणजे आपल्याच जंगलांतला लहानसा चौशिंगा. दोन शब्दांत प्राण्याचे नाव ठेवण्याची ही रीत स्वीडनच्या लिनियसने 1758 सालच्या ग्रंथात प्राण्यांना सरसकट लागू केली आणि त्याच ग्रंथात मोर आणि काळवीट यांची नावे आहेत. शास्त्रीय नावे पाठ करायला सुरुवातीला जड जातात. तरी ती शिकावीत, कारण सेनगावातला रोही आणि नेपाळच्या तराईतला रोही एकच, हे त्या नावाने पक्के होते.

तरीही मराठी नावे सोडू नयेत, असा माझा आग्रह आहे. कोतवाल, खंड्या, वेडा राघू, पिंगळा, टिटवी, माळढोक. प्रत्येक नावात पाहणारा एक माणूस उभा आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो तास पक्षी बसलेला असताना मातकट दिसतो आणि उडाला की पंखांत निळाईचे पट्टे उघडतात. पावश्या पेरते व्हा म्हणतो तेव्हा तो शेतकऱ्याला सांगत नसतो, विणीच्या हंगामात तो साद घालत असतो, हे अभ्यासकाला कळते. पण त्याची साद आणि पेरणी एकाच वेळी येतात, हे निरीक्षण मात्र आपल्या आजोबांनी अचूक केले होते.

नाव कधी कधी फसवतेही. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारा सुगरणीचा खोपा सगळ्यांनी पाहिलेला असतो. बहिणाबाई चौधरींनी त्यावर कविता रचली आणि ती घराघरात पोहोचली. पण खोपा विणतो तो नर. डोके पिवळेधमक झालेला नर पात्याची कड चोचीत धरतो, उडत जाऊन लांब चिरी फाडून आणतो, गाठ मारतो, ओवतो. आधी फांदीला पेड, मग कडे, मग टोपीसारखे छप्पर. खोपा निम्मा झाला की तो तिथे लटकून पंख फडफडवत ओरडत राहतो. मादी येते, आत डोकावते, ओढून पाहते. तिला पटले तरच पुढचे काम होते आणि खाली उतरणारी ती लांब नळी विणली जाते. पटले नाही तर निम्मा खोपा तसाच झुलत राहतो. पुढच्या वेळी एखादे झाड भरून खोपे दिसले की त्यातले अर्धवट किती, ते मोजा. प्रत्येक अर्धवट खोपा म्हणजे एका मादीने दिलेला नकार असण्याची बरीच शक्यता आहे. खोप्याच्या आतल्या भिंतीला ओल्या मातीचे गोळेही चिकटवलेले सापडतात. ते का, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. दिव्यासाठी काजवे चिकटवतात ही आपल्याकडची समजूत सुंदर आहे, पण त्याला पुरावा नाही.

निवड करणारी मादी हा धागा प्राण्यांच्या सौंदर्याच्या मुळाशी नेतो. डार्विनचा उत्क्रांतीवरचा पहिला मोठा ग्रंथ 1859 सालचा. जगण्याला उपयोगी गुण टिकतात, हे त्याने मांडले. मग मोराचा पिसारा? तो तर पळताना अडचण करतो. याचे उत्तर त्याने 1871 च्या ग्रंथात सविस्तर दिले: पिढ्यान्‌पिढ्या माद्या ज्या नरांना निवडत आल्या, त्यांचे रूप वाढत गेले. आज या विचारात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत, पण पाया तोच आहे. म्हणजे प्राण्यांच्या जगात रूपाची पारख करणारे आपण पहिले नव्हेत. लांडोर आपल्याआधी लाखो वर्षे ते करत आली आहे.

मोरपीस हाती लागले तर आणखी एक गोष्ट करून पाहा. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1665 सालच्या ग्रंथात मोराच्या पिसाचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन करून ठेवले आहे आणि ते पाणी लागल्यावर रंग कसा बदलतो, हेही लिहिले आहे. त्या निळ्या-हिरव्या रंगाची पूड पिसात कुठेच नसते. आत आहे ते तपकिरी-काळे द्रव्य, पण ते इतक्या सूक्ष्म आणि नेमक्या अंतरावर रचलेले असते की प्रकाश त्यावरून उलटताना निळा, हिरवा, सोनेरी होऊन येतो. पीस तिरपे करा, रंग सरकतो. तासाच्या पंखातली निळाईही अशीच रचनेतून येते.

आता थोडे डोके वर करून पाहू. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सोयाबीनच्या रानावर पिवळसर चतुर घिरट्या घालतात. लहानपणी शेपटीला दोरा बांधून आम्ही त्यांना छळले आहे, त्याची आज खंत वाटते. त्यात एक जात जगभर हिंडणारी आहे. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, तरी दर ऑक्टोबरात तिथे हे चतुर लाखोंनी उतरतात, हे तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. हे चतुर भारतातून निघून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेला जातात आणि पुढच्या पिढ्या परततात, असे अनुमान त्याने 2009 साली मांडले. येणे-जाणे मिळून चौदा ते अठरा हजार किलोमीटर, चार पिढ्यांत वाटून घेतलेले. बोटाएवढ्या जिवाचा हा प्रवास आहे.

त्याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर अमूर ससाणाही जातो. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. सैबेरिया आणि उत्तर चीनमधून हे ससाणे ईशान्य भारतात उतरतात, खाऊन-पिऊन पुष्ट होतात आणि मध्य भारतावरून, पुढे अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेला निघतात. 2013 साली नागालँडमध्ये काही ससाण्यांच्या पाठीवर बारीक यंत्रे बसवली, तेव्हा हा मार्ग नकाशावर उमटला. समुद्रावर त्यांना खायला काय मिळते? वाटेतले चतुर, असे काही अभ्यासकांना वाटते. ते खरे असेल तर आपल्या शिवारावर घिरट्या घालणारा चतुर ही सैबेरियातल्या ससाण्याची आफ्रिकेपर्यंतची शिदोरी आहे. हिवाळ्यात सिद्धेश्वर, येलदरी आणि इसापूरच्या पाण्यावर उत्तरेकडची बदके उतरतात, तीही हिमालय ओलांडून आलेली असतात. हिंगोली हे जगाच्या कडेला नाही. ते बऱ्याच वाटांवर मध्येच आहे.

विविधतेचा हिशेबही एकदा डोळ्यांखालून घालावा. विज्ञानाने नावे दिलेल्या कीटकांच्या जाती सुमारे दहा लाख. त्यांतले तीन-चार लाख नुसते भुंगेरे. पक्ष्यांच्या जाती अकरा हजारांच्या आसपास, सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या. आपण प्राणी म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे वाघ, हत्ती, हरिण येतात. मोजणीत ते अगदी कोपऱ्यात आहेत.

एक गोष्ट इथे सांगितली नाही तर ही प्रस्तावना अपुरी राहील आणि अप्रामाणिकही. रोही आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे रान आडवे करतो. थंडीत, विंचूकाट्यात जागलीला जाणाऱ्या माणसाला काळविटाच्या शिंगांचा पीळ किती डौलदार आहे हे सांगायला जाणारा अभ्यासक त्याच्या मनातून उतरतो, आणि ते बरोबरच आहे. शेळी लांडग्याने नेली तर त्या घराचे नुकसान खरे असते. प्राण्यांचे कौतुक करणाऱ्याने नुकसान सोसणाऱ्याच्या बाजूलाही उभे राहिले पाहिजे: पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई हातात पडावी, म्हणून त्याच्या बरोबरीने खेटे घातले पाहिजेत. माझा अनुभव असा, की रानातल्या जनावरांची सर्वांत बारीक माहिती या माणसाकडेच असते. रोही ठरावीक जागीच लेंड्या टाकतो आणि त्यांचा ढीग साचत जातो, हे मला प्रथम पुस्तकाने सांगितले नाही. एका जागल्याने दाखवले.

हे ज्यांना फार लवकर उमगले ते मारुती चितमपल्ली. 1932 साली सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने वनखात्यात आयुष्य घालवले. नवेगाव, नागझिरा, मेळघाट इथल्या रानांत हिंडताना जाणत्या माणसांच्या तोंडची नावे, शब्द, समजुती टिपून घेतल्या आणि त्या बळावर मराठीला पक्षिकोश दिला, प्राणिकोश दिला. तेराव्या शतकातले हंसदेवाचे मृगपक्षिशास्त्र हे संस्कृत पुस्तक मराठीत आणण्यातही त्यांचा हात होता. 2006 साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. मराठीतून हा अभ्यास करता येत नाही, असे कुणी म्हणाले तर त्याच्या हाती पक्षिकोश द्यावा. आणि वानरांच्या टोळीत सत्ता कशी उलटते हे मराठी गद्यात किती ताकदीने उतरू शकते ते पाहायचे असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांचे सत्तांतर वाचावे.

अभ्यासाला साधने फार लागत नाहीत. एक वही, पेन्सिल आणि जमली तर दुर्बीण. मोबाइलने फोटो काढता येतो, पण फोटो काढला की पाहणे संपले असे बऱ्याचदा होते. हाताने काढलेले चित्र, कितीही वेडेवाकडे असो, डोळ्याला थांबायला लावते. पाय किती, शिंगाला वेढे किती, चोच सरळ की वाकडी, हे चित्र काढतानाच लक्षात येते. नोंदीत तारीख, वेळ, गाव आणि जागा हवीच. बांधावर, विहिरीत, गायरानात की घराच्या वळचणीला, तेही लिहा. ओळखता आले नाही तर तसे लिहा आणि वर्णन मात्र पुरे करा. प्राण्याला हाताळू नका, घरट्याजवळ जाऊ नका, बिळात काडी घालू नका. मिरगाचा किडाही तळहातावर घेतला तर जिथून उचलला तिथेच परत सोडा. त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो.

आपल्या जिल्ह्याच्या अशा नोंदी अजून फार थोड्या झाल्या आहेत. औंढ्याजवळ विश्वातल्या अतिदूरच्या घडामोडींचे तरंग टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. ज्या गायरानांशेजारी ती उभी राहते, तिथे पहिल्या पावसानंतर कोणकोणते जीव जमिनीतून वर येतात, याची यादी आपण करायची आहे. त्यासाठी कुणाच्या परवानगीची किंवा पदवीची गरज नाही. येत्या जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा, वही घ्या, चप्पल बाजूला काढून बांधावर उकिडवे बसा. पहिला लाल ठिपका दिसला की त्याची वेळ लिहा, गावाचे नाव लिहा आणि पाय मोजा.